सोनेरी छाती, रुपेरी पाठ

सकाळी साडेसातला गौरजाने स्कूटर भाईकाकांच्या अंगणात आणली तेव्हा मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेलं एक मोठं बोचकं दोरीने आवळलेलं होतं. आचऱ्याहून येताना वाटेत एकाने विचारलंही होतं, कासव घेवन चललंस काय म्हणून.

तिने उत्तर दिलं नव्हतं. आज थांबायला वेळ नव्हता. दुपारी चार वाजता कुडाळच्या नाट्यगृहात त्यांच्या महिला दशावतार मंडळाचा पहिला खेळ होता, गौरजा कर्ण करणार होती आणि कर्णाला कवच नव्हतं. भाड्याने सामान देणाऱ्याने काल संध्याकाळी फोन केला, तुमचा सेट चुकून दुसऱ्या पार्टीला गेला. दुसरं कुठलंही पात्र कवचाशिवाय उभं करता आलं असतं. पण इंद्र ब्राह्मणाच्या रूपात येतो, कवच मागतो, आणि कर्ण ते अंगावरून उतरवून देतो, हाच तर सगळा खेळ.

अंगणात अक्का शेगलाचा, म्हणजे शेवग्याचा, पाला निवडत बसली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची ही आत्या सहा महिने मालवणला भाईंकडे राहायची आणि सहा महिने आचऱ्याला गौरजाच्या वडिलांकडे, गुरुप्रसादकडे. दोन्ही घरांत जाणं-येणं असलेली ती एकटीच.

"बापाशीक सांगून ईलंस?" अक्काने विचारलं.

"नाय."

"बरा केलंस. भाई न्हाव्क गेलोसा. तो येयसर चाय पी."

गौरजा चहा प्यायली नाही. तिने दोरी सोडली, चादर बाजूला केली आणि रुपेरी पाठ ओट्यावर उभी केली.

गंगाराम हडकरांच्या दशावतार मंडळीकडे फायबरची दोन कवचं होती, कर्णाचं सोनेरी आणि अर्जुनाचं रुपेरी, प्रत्येकाचे छाती आणि पाठ असे दोन तुकडे. गंगाराम गेल्यावर भाई आणि गुरुप्रसाद या दोघा मुलांनी मंडळी चार वर्षं चालवली. मग वैभववाडीचा तो खेळ झाला. भाई कर्ण होते, गुरुप्रसाद इंद्र. कवच काही सुटेना म्हणून गुरुप्रसादने हात लावला, कड फाटली, आणि भाई तोल जाऊन मागे पडले. मुकुट घरंगळत पखवाजवाल्याच्या मांडीवर गेला. लोक पोट धरून हसले. त्या दिवशी सगळ्या मंडळीसमोर भाई म्हणाले, गुरूने हे मुद्दाम केलं, माझं हसं करायला. महिन्याभरात वाटणी झाली. दोन्ही छात्या भाईंनी घेतल्या, दोन्ही पाठी गुरुप्रसादने. कोणाच्याच उपयोगाची नाही अशी वाटणी, आणि दोघांना ती तशीच हवी होती.

त्याला अकरा वर्षं झाली. मधे तौक्ते वादळात आचऱ्याच्या पडवीवर माड पडला आणि सोनेरी पाठीचा चुरा झाला. रुपेरी छाती कोणीतरी शिमग्याला मागून नेली ती परत आली नाही. उरली ती भाईंकडची सोनेरी छाती आणि ही रुपेरी पाठ.

भाई टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले आणि पाठ बघून दारातच थांबले.

"काका, तुमच्याकडची छाती व्हयी," गौरजा म्हणाली. तिने सगळं एका दमात सांगितलं.

"गुरून धाडल्यान?"

"बाबांका म्हायत नाय. ते म्हणतत पुठ्ठ्याचा कर, पण थंय जाव नको."

"मगे पुठ्ठ्याचाच कर. बाईमाणसांच्या खेळाक चलतला."

"नाही चालणार, बाबा."

स्वयंपाकघराच्या दारात भाईंची सून ऋता उभी होती. ती सांगलीकडची, मालवणी तिला समजायची पण बोलताना ती आपलीच मराठी बोलायची. नवरा सर्वेश जहाजावर, ती इथल्या शाळेत शिकवायची.

"का चालणार नाही?"

"कारण ते दान मला घ्यायचंय. इंद्र मी करते." तिने ओले हात पदराला पुसले. "चार महिने झाले. शनिवारी शाळेचं प्रशिक्षण म्हणून सांगते, ते प्रशिक्षण नसतंच. मी आचऱ्याला तालमीला जाते."

भाईंनी अक्काकडे पाहिलं. अक्काने पाल्यातून मान वर केली नाही. "माका काय बघतंस? मी दोन्ही घरातलो भात खातंय, दोन्हीकडे तोंड बंद ठेवतंय."

भाई ओट्यावर बसले. चार महिने आपली सून गुरुप्रसादच्या पडवीत तालीम करत होती, आणि आपण दर शनिवारी तिला स्टँडवर सोडून येत होतो, हे त्यांच्या मनात नीट बसेना. काहीतरी जोरात बोलावं असं त्यांना वाटलं. पण तोंडातून भलतंच बाहेर आलं.

"मागतंस कसा? दाखव."

ऋता अंगणात उतरली. पाठीत वाकली आणि उजवा हात लांब पसरला. "अंगराजा, तुझ्या दारी आलेला ब्राह्मण रिकाम्या हाताने परत गेला, असं या नगरीत कधी घडलंय का?"

"हात लांब करू नको. पोटासमोर धर. इंद्र देवांचो राजा, तो चोरासारखो इलोसा. त्याका लाज वाटता. लाजणारो माणूस हात पसरणा नाय."

ऋताने हात जवळ घेतला, पोटापाशी, अर्धा उघडा. तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी आवाज आपोआप खाली आला. अक्काचं पाला निवडणं थांबलं.

भाई उठून आत गेले. आतून पलंग सरकवल्याचा आवाज आला. पाच मिनिटांनी ते सोनेरी छाती घेऊन बाहेर आले, वरची धूळ आपल्याच टॉवेलने पुसत.

बसेल अशी कोणाची अपेक्षाच नव्हती, पण इतकी बसणार नाही असंही वाटलं नव्हतं. छाती भाईंच्या मापाची, त्यात दोन गौरजा मावल्या असत्या. पाठ कोण्या सडपातळ अर्जुनासाठी ओतलेली. दोन्ही तुकडे अंगाला लावले तर एका काखेत छाती पाठीवर चार बोटं चढत होती आणि दुसऱ्या काखेत मधे हात जाईल एवढी फट. भोकांसमोर भोकं येत नव्हती. खांदा झाकणारी पानं दोनच उरलेली, एक सोनेरी, एक रुपेरी, आणि दोन्ही डाव्या खांद्याची.

"आग्नेल," अक्का म्हणाली. "त्याच्याकडे चला."

तिघं रिक्षात चढेपर्यंत ती ओट्यावरच थांबली. मग गौरजाचा फोन मागून घेतला आणि आचऱ्याला लावला. "गुरू, मी अक्का. आग्नेलच्या शेडीर ये. पाठीचा काम आसा." पलीकडून प्रश्न सुरू व्हायच्या आत तिने फोन बंद केला आणि स्वतः रिक्षात येऊन बसली.

आग्नेल फायबरच्या होड्या दुरुस्त करायचा. खाडीच्या काठावर त्याची पत्र्याची शेड, बाहेर तीन होड्या पालथ्या घातलेल्या, सगळीकडे रेझिनचा उग्र वास. आज रविवार, चर्चमधली मिसा आटपून तो नुकताच आला होता, अंगातला चांगला शर्टही काढला नव्हता. त्याने दोन्ही तुकडे हातात घेऊन उलटसुलट केले, बोटाने टकटक वाजवून पाहिले आणि शर्ट काढून खिळ्याला अडकवला.

"किती वाजेपर्यंत?"

"दोनला निघायला हवं," गौरजा म्हणाली.

"होतला. छातीची कड दोनीकडसून कापूची. आतसून फायबरची मॅट लावन नवी कड काढूची, ती पाठीर अशी चढतली." त्याने एका तळहातावर दुसरा ठेवून दाखवला. "दोन बाजूक दोन हूक. हूक वर उचललो की सुटला."

"कापूक देव्चंय नाय," भाई म्हणाले.

"भाईनू, कापल्याशिवाय कसा होतला?"

"बाबान कोल्हापुरासून करून आणलेली ही. तिका करवत लावची नाय."

गौरजाने घड्याळात पाहिलं. साडेनऊ. ऋता काहीतरी बोलायला पुढे झाली तेवढ्यात मोटरसायकल शेडीसमोर थांबली आणि गुरुप्रसाद उतरला. भावाला बघून तो तिथेच उभा राहिला. निवृत्त शिक्षक, साठीचा, हातात हेल्मेट. कोणी कोणाला या म्हटलं नाही.

"अक्का, ह्या काय?"

"काम आसा म्हटलंय ना. बस."

आग्नेलला या घरातल्या भानगडींशी देणंघेणं नव्हतं. तो छातीची कड अंगठ्याने चाचपत होता. डाव्या काखेखाली ती फाटलेली होती. तो उजेडात गेला, चष्मा लावला आणि म्हणाला, "ही कड तशीय कापूकच व्हयी. हयसर भोक कोणी पाडल्यान? ड्रिलाचा नाय ह्या. सळय तापवन जाळलेला. बघा, काळा पडलासा. आणि कडेपासून अर्धा बोटसुद्धा अंतर नाय. नुसतो हात लागलो तरी फाटतला."

गुरुप्रसाद हेल्मेट होडीवर ठेवून जवळ आला. त्याने आग्नेलच्या हातातून छाती घेतली आणि ती जळकी कड डोळ्यांजवळ धरली. वैभववाडीला त्याच्या बोटांत आलं होतं ते हेच टोक.

"मी पाडलंय," भाई म्हणाले.

ते खाली बघत होते. "खेळाच्या आदल्या दिवशी. पोट सुटलेला, पट्टो लागा नाय होतो. कोणाक सांगाक लाज वाटली. चुलीत सळय तापवलंय आणि भोक पाडलंय."

"तुका तेवा कळला होता?"

"पडलंय तेवाच कळला."

"आणि तरी सगळ्यांसमोर माझा नाव घेतलंस."

"घेतलंय."

गुरुप्रसादने छाती बाकावर ठेवली, अगदी हळू, आणि शेडीबाहेर चालायला लागला. गौरजा त्याच्यामागे जायला निघाली तर अक्काने तिचा दंड धरला.

"काप," भाई आग्नेलला म्हणाले.

ग्राइंडर सुरू झाला. सोनेरी भुकटी उडून आग्नेलच्या केसांवर बसली. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या खाली पडल्या, जळक्या भोकाची त्यातच गेली. गुरुप्रसाद काठावर खाडीकडे तोंड करून उभा होता. तो गेलाही नाही, वळलाही नाही.

आग्नेलने गौरजाच्या अंगाला घोंगडी गुंडाळली, वर प्लास्टिक. तिचे हात वर करायला लावले, छाती आणि पाठ जागेवर धरली, ऋताने कापून दिलेले मॅटचे तुकडे बाजूला मांडले आणि डब्यात रेझिन ओतलं. हार्डनर घालून ढवळताना तो बाहेर बघून ओरडला, "गुरू मास्तर, हार्डनर घातलंय. वीस मिनिटांत ह्या दगड होतला. दोन्ही बाजू दाबून धरूक व्हये. तुमचो राग नंतर."

गुरुप्रसाद आला.

मग गौरजाने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं ते झालं. उजवीकडे भाईकाका, डावीकडे बाबा, दोघांचे तळवे तिच्या बरगड्यांवर टेकलेले आणि मधे ती हात वर करून उभी. रेझिन तापायला लागलं तशी घोंगडीतून ऊब आत आली. तिला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. दोघांचे श्वास तिला ऐकू येत होते.

आग्नेलने ब्रश रेझिनमध्ये बुडवला.

"तुझो हात सरकता," भाई म्हणाले.

"तुझोय."

मग गुरुप्रसाद सरळ समोर बघत बोलला. "अकरा वर्सां मी तोंडाक रंग लावलंय नाय. पेटी वाजवतंय, पोरींका शिकवतंय. पण स्टेजार उभ्या रवलंय की वाटता, माझ्या हातान काय तरी मोडतला."

"म्हायत आसा माका."

"तुका म्हायत नाय."

"नाय," भाई म्हणाले. "माका म्हायत नाय."

बाहेर एक होडी इंजिनाचा आवाज करत गेली. आग्नेल ब्रशने मॅटवर रेझिन बसवत होता, त्याचं लक्ष फक्त बुडबुड्यांवर होतं.

"आज कुडाळाक सगळ्यांसमोर सांगतंय," भाई म्हणाले. "माझीच चूक होती म्हणान."

"आज नाय. आज खेळ त्यांचो आसा."

"मगे कधी?"

"मी सांगतलंय कधी. हात काढू नको, अजून पाच मिनिटा आसत."

भाईंनी हात काढला नाही.

एक वाजता आग्नेलने दोन्ही हूक बसवले. गौरजाने एकेक हूक उचलला आणि कवच खटकन सुटून तिच्या हातात आलं. तिने पुन्हा घातलं, पुन्हा सोडलं. ऋता ते घेऊन बघते म्हणाली आणि तिने स्वतःच्या अंगाला लावलं. दोघी मुलींसारख्या हसत होत्या. दोन डाव्या खांद्यांचं काय करायचं यावर चर्चा झाली आणि आग्नेलने एक उलटं करून ठोकून टाकलं. रंगाला वेळ नव्हता. छाती सोनेरी, पाठ रुपेरी, बाजूच्या पट्ट्या कच्च्या फायबरच्या, हिरवट.

"कर्णान लोकांक पाठ दाखवची नाय," भाई म्हणाले. "जाताना मागे मागे जा. डोळे ब्राह्मणार."

"सरावच केला नाही तसा," गौरजा म्हणाली.

"रिक्षात बसून डोळ्यासमोर आण."

कुडाळचं नाट्यगृह चार वाजायच्या आधीच भरलं. मागे भिंतीला टेकून लोक उभे. गुरुप्रसाद पेटीवर बसला होता, रंगमंचाच्या कडेला, तिथून त्याला सगळं दिसत होतं. समोरच्या विंगेत भाई उभे होते. गौरजाला कवच त्यांनीच चढवलं होतं, आणि हूक लावल्यावर तिच्या खांद्यावर दोनदा थोपटून ते बाजूला झाले होते.

इंद्राचा प्रवेश आला. ऋता ब्राह्मणाच्या वेषात काठी टेकत आली. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, ज्याने त्याने उभं राहून बोलायचं. पण हात पोटासमोर अर्धा उघडा धरून तिने भिक्षा मागितली तेव्हा मागचे लोकही गप्प झाले. गौरजाने उजवा हूक उचलला. सुटला. डावा उचलला. तो हलला नाही.

गुरुप्रसादने स्वर धरून ठेवला. निघताना आग्नेलने हुकांच्या बुडाला घाईत पुन्हा रेझिन लावलं होतं, ते आत उतरून घट्ट झालं असणार. गौरजा पुन्हा उचलत होती. विंगेतून भाई एक पाऊल पुढे आलेले त्याने पाहिले. अकरा वर्षांपूर्वी तोही असाच पुढे झाला होता. ऋताचा हातही नकळत कवचाकडे निघाला, आणि मग थांबला. तिने तो परत पोटापाशी नेला आणि मान खाली घातली.

"थांबा, विप्रवर," गौरजा म्हणाली. घाईचा मागमूस तिच्या आवाजात नव्हता. "हे मी जन्माला येताना घेऊन आलो. माझ्याबरोबर वाढलंय ते. सुटायला वेळ घेईल. पण मी दिलं म्हटलंय, म्हणजे दिलं."

मागे कोणीतरी खोकत होतं तेही थांबलं. गौरजाने दात आवळले, कवचाची कड दोन्ही हातांनी धरली आणि पिळली. पखवाजवालीने नेमक्या वेळी थाप दिली. हूक कट्‌ करून तुटला. सगळं कवच एका हातावर घेऊन तिने ते ब्राह्मणाच्या पायाशी ठेवलं आणि डोळे न हलवता मागे मागे चालत विंगेत गेली.

टाळ्या थांबेपर्यंत गुरुप्रसादला पुढचा सूर सुरू करता आला नाही. विंगेत भाईंनी पोरीला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

खेळ संपल्यावर रंगपटात गर्दी झाली. कोणी फोटो काढत होतं, कोणी कणकवलीच्या जत्रेची तारीख मागत होतं. तुटलेला हूक कुठे मिळाला तर आणून द्या, असं गौरजा सगळ्यांना सांगत होती. गर्दी थोडी कमी झाल्यावर भाई म्हणाले, "पण सूर्य खंय गेलो? इंद्र येव्च्या आधी सूर्य येता, पोराक सांगता, कवच दिव नको म्हणान. बापाशीचो प्रवेश तो. कित्याक काढलास?"

"बाई मिळाली नाही," गौरजा म्हणाली. "सूर्याला वजनदार आवाज लागतो."

"मगे कणकवलीक गुरू करतलो."

गुरुप्रसादने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरचं काही नीट दिसायच्या आत ऋता म्हणाली, "महिला मंडळ आहे, बाबा. पात्राला पुरुष नाही चालत."

गुरुप्रसादला हसू आलं, खूप दिवसांनी भावासमोर आलेलं.

"मी करतंय," अक्का म्हणाली.

ती बाकावर बसून कर्णाचा शेला घडी करत होती. आपण चुकीचं ऐकलं असं सगळ्यांना वाटलं.

"काय करतंस?" भाईंनी विचारलं.

"सूर्य."

तिने शेला बाजूला ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तोंडाचा रंग अर्धा पुसलेल्या गौरजासमोर येऊन उभी राहिली. तिच्या डोक्यावर हात ठेवला. "कर्णा, उठ. उद्या सकाळी तुझ्या दारी एक ब्राह्मण येईल. तो ब्राह्मण नाही."

भाईंनी ओळखलं. ही चाल गंगाराम हडकरांची, वाक्यामधला थांबाही त्यांचाच. त्यांच्या मंडळीत बाईला कधी रंग लागला नव्हता. त्यांची ही मुलगी लहानपणापासून लग्न होईपर्यंत पडद्यामागे बसून फक्त ऐकत होती, आणि तिला काय काय येतं हे दोघा भावांनी कधी विचारलं नव्हतं.

"तो मागेल ते देऊ नकोस. मी देव म्हणून सांगत नाही. बाप म्हणून सांगतो."

गुरुप्रसादने पेटी ओढून घेतली आणि चाचपडत तिचा सूर शोधला. सूर मिळाला तशी अक्काने पट्टी चढवली. भाईंनी पखवाजवालीला खूण केली. बाहेर पडायला निघालेली माणसं दारातून परत आत येऊ लागली, आणि अक्का कोणाकडेही न बघता पुढचं वाक्य म्हणत होती.